मेडनमचे बुवा : आत्याला पत्र

हाय विकम,
रविवार, ७ सप्टेंबर

ति. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू एकदम म्हणालीस, "अगं, तुमच्या गावाशेजारी सैतानाची पूजा करणाऱ्या उमरावांची, कसल्याशा हेलफायर क्लबाची, गुहा आहे म्हणे, आणि तू आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस?" मग त्या व्हिडिओत पाहिलेलं काय काय सांगत सुटलीस. काळे झगे, नरबळी, थेट राजवाड्यात निघणारं भुयार. मागून काका जेवायला वाढ म्हणून ओरडायला लागले आणि विषय तिथेच तुटला. म्हणून आता सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस, आणि काही मजकूर काकांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

आधी तुझी काळजी मिटवते. नरबळी कुणाचा दिला नाही. राजवाड्यात जाणारं भुयारही नाही. सैतान होता तो सोंगातला. पण म्हणून ही मंडळी साधीसुधी होती असं समजू नकोस. त्यांनी रात्री काय केलं ते सांगायला भरवशाचा साक्षीदार जवळजवळ नाही, दिवसा जे केलं ते मात्र सरकारदरबारी लिहिलेलं आहे. आणि मला विचारशील तर खरा मसाला त्या दिवसाच्या उद्योगांत आहे.

गुहा वेस्ट विकम नावाच्या गावात आहे, आमच्याकडून बसनं दहा-पंधरा मिनिटं. टेकडीच्या पायथ्याशी गारगोटीच्या दगडांत बांधलेली, पडक्या चर्चचा आव आणणारी दर्शनी भिंत. शेजारी तिकीट-खिडकी आणि कॅफे. आत शिरलं की ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. हा सगळा डोंगर खडूचा. भिंतींवर कुदळीचे घाव अजून एकेक मोजता येतात, हात टेकला की बोटं पांढरी. अरुंद बोळ वळत वळत आत जातो, मध्ये एक मोठं गोल दालन लागतं, त्याच्या पुढे पाण्याचा बारकासा ओहोळ. त्याला नाव दिलंय स्टिक्स, म्हणजे ग्रीकांची वैतरणी. ती ओलांडली की शेवटची खोली, 'आतलं देऊळ'. आणि या खोलीच्या वर, साधारण ३०० फुटांवर, टेकडीच्या माथ्यावर गावचं चर्च! वर देव आणि खाली नरक, असा बेत करणाऱ्या माणसाला विनोदाची जाण होती एवढं कबूल करायला हवं.

त्याचं नाव सर फ्रान्सिस डॅशवुड. जन्म १७०८चा. पण गंमत अशी की ही गुहा त्यानं खोदली ती चैनीसाठी नव्हे. १७४८च्या सुमाराला इथे लागोपाठ पिकं बुडाली होती, शेतमजुरांच्या हाताला काम नव्हतं. डॅशवुडनं त्यांना दिवसाला एक शिलिंग मजुरीवर टेकडी खोदायला लावली आणि निघालेल्या खडूचा वेस्ट विकम ते हाय विकम सरळ रस्ता केला. आपल्याकडे ७२च्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली होती ना, तसलाच प्रकार. चार वर्षं काम चाललं. मी कामावरून घरी येते ती बस त्याच रस्त्यानं येते. गरिबांना सार्वजनिक कामांवर घ्यावं असं विधेयकही त्यानं १७४७ साली पार्लमेंटात आणलं होतं. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

'हेलफायर क्लब', म्हणजे 'नरकाग्नी क्लब', हे डॅशवुडच्या मंडळीला चिकटलेलं नावसुद्धा मुळात त्याचं नाही. ते त्याच्या आधीच्या एका दिवट्याचं, फिलिप व्हॉर्टनचं. हा विशीच्या आतच ड्यूक झालेला. १७१९च्या आसपास लंडनमध्ये त्यानं पहिला क्लब काढला. धर्माची टवाळी करायची, पवित्र त्रिमूर्तीच्या नावानं खाणंपिणं करायचं, क्लबाचा अध्यक्ष सैतान आहे असं म्हणायचं. हे सगळं चाललं होतं त्याच सुमाराला साऊथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला (१७२०), भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. खुद्द व्हॉर्टनचेही लाखाच्या वर पौंड बुडाले म्हणतात. लोक खवळलेले, मंत्री लाच खाऊन बसलेले. अशा वेळी सरकारनं काय करावं? एप्रिल १७२१मध्ये राजाज्ञा काढली की तरुण मंडळींचे धर्मनिंदक क्लब शोधून बंद करा! आत्या, लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायची ही युक्ती किती जुनी आहे बघ. मग धर्मनिंदेविरुद्ध कायदा करायचं विधेयक उमरावांच्या सभागृहात आलं, तेव्हा हाच व्हॉर्टन उठला, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही म्हणाला, आणि खिशातून घरचं जुनं बायबल काढून त्यातले उतारे वाचून दाखवले. विधेयक पडलं. पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या फ्रीमेसनांचा (हा एक गुप्त बंधुसंघ) प्रमुख झाला. त्याही पुढे राजद्रोही पक्षाला मिळाला, सगळं उधळलं आणि १७३१ साली स्पेनमधल्या एका मठात मेला. वय अवघं ३२. मठात, हं! ज्यांची आयुष्यभर टर उडवली त्याच बुवांनी शेवटी त्याला पाणी पाजलं.

आता पुन्हा डॅशवुडकडे. बाप लहानपणीच गेलेला, पैसा बक्कळ, त्यामुळे तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो युरोपभर हिंडून आला. त्या हिंडण्यातला एक किस्सा वॉलपोल नावाच्या एका चौकस उमरावानं सांगून ठेवलाय. रोममध्ये गुड फ्रायडेला सिस्टीन चॅपेलात भाविकांना छोटे आसूड देत, अंधारात स्वतःला नावापुरते दोन फटके मारून घ्यायला. डॅशवुडनं कोटाखालून घोड्याचा चाबूक काढला आणि दिसेल त्याला झोडपत सुटला. लोकांना वाटलं, सैतानच आला. वॉलपोलची जीभ सैल होती, तेव्हा मीठमसाला वजा करून घे. परत आल्यावर त्यानं इटली पाहिलेल्यांची एक मंडळी काढली, डिलेटान्टी सोसायटी. या मंडळीनं पुढे ग्रीसमधल्या जुन्या देवळांची मोजमापं घ्यायला पदरच्या पैशानं माणसं धाडली, म्हणजे काम चोख केलं. पण तोच वॉलपोल म्हणतो की सभासद व्हायची वरवरची अट इटलीला जाऊन आलेलं असणं, खरी अट दारूच्या नशेत असणं.

आणि मग १७५०च्या सुमाराला आला मेडनमचा मठ. इथून सहा-एक मैलांवर टेम्स नदीच्या काठी जुन्या ख्रिस्ती बुवांच्या मठाचे पडके अवशेष होते. डॅशवुडनं ती जागा भाड्यानं घेतली, डागडुजी केली, दारावर फ्रेंचमध्ये कोरून घेतलं, 'मनाला येईल ते कर.' मंडळीचं नाव 'विकमच्या संत फ्रान्सिसचे बंधू'. संत फ्रान्सिस म्हणजे अर्थात हाच फ्रान्सिस! आतले बाराजण, शिवाय हा बाराजणांचा गुरू. अंगात बुवांचे झगे. लंडनहून बोटीनं बायका आणायच्या, त्यांनी मुखवटे घालायचे, त्यांना नन म्हणायचं. होगार्थ या नामांकित चित्रकारानं डॅशवुडचं एक चित्र काढलंय, त्यात हा संताच्या वेषात गुडघ्यावर बसलाय आणि क्रुसाच्या जागी एक चिमुकली उघडी बाई आडवी पडलीय. संताच्या डोक्यामागच्या तेजोवलयात बघावं तर मित्राचं, लॉर्ड सँडविचचं, तोंड. (हो, तोच सँडविच. तुझ्या डब्यातल्या पावाला ज्याचं नाव आहे तो.)

त्या मठात नेमकं काय चालायचं? चिटणीस होता पॉल व्हाइटहेड नावाचा कवी. मरण्यापूर्वी तो तीन दिवस कागद जाळत बसला होता असं सांगतात. राहिली ती दारूची वही. ती मात्र शाबूत आहे. कोणत्या तारखेला कोणत्या बंधूनं क्लॅरेट किती बाटल्या घेतली, पोर्ट किती, सगळं व्यवस्थित. नावं अशी की 'विकमचा फ्रान्सिस', 'एल्सबरीचा जॉन'. बाटलीबाटलीचा हिशेब ठेवणाऱ्या या वहीत त्या बायका कोण, कुठल्या, त्यांना काय दिलं, याची नोंद नाही. मला त्या चाबकाच्या किश्शापेक्षा हे जास्त खुपलं. बाकी जे काही आपण ऐकतो ते बहुतेक त्यांच्यातच भांडण झाल्यावर एकमेकांवर उडवलेल्या चिखलातून आलंय. ते भांडणच सांगण्यासारखं आहे.

'एल्सबरीचा जॉन' म्हणजे जॉन विल्क्स. लंडनच्या दारू गाळणाऱ्याचा मुलगा, खासदार, तिरळा आणि कुरूप, पण तोंडानं असा वस्ताद की अर्धा तास बोलायला मिळाला तर बाई माझा चेहरा विसरते, अशी त्याची बढाई असे. मेडनमला तो मौजेपुरता गेला. त्याच्याच नावावर ती माकडाची गोष्ट खपते. एका बैठकीत त्यानं माकडाला शिंगं-झगा चढवून पेटीत लपवलं, ऐन प्रार्थनेत दोरी ओढली, माकड उडी मारून सँडविचच्या मानगुटीवर बसलं आणि सँडविच गयावया करायला लागला, 'सैतानराव, मी काही एवढा पापी नाही, मी नुसता तसं दाखवतो!' ही गोष्ट तेव्हाच्या एका कादंबरीतून पसरलेली, म्हणजे खरी धरायचं कारण नाही. पण सँडविचला जी ओळखत होती ती माणसं खो खो हसली असणार.

१७६२ साली राजाच्या मर्जीतला लॉर्ड ब्यूट पंतप्रधान झाला आणि त्यानं डॅशवुडला चक्क अर्थमंत्री केलं. विल्क्सनं तेव्हा लिहिलं की आयुष्यभर गुत्त्याच्या बिलांची बेरीज जमवताना ज्याचं डोकं फिरायचं त्याच्या हाती दहा कोटी पौंडांच्या वर कर्ज असलेल्या देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या दिल्या. सात वर्षांचं युद्ध नुकतं संपत होतं, तिजोरी रिकामी. डॅशवुडनं सफरचंदाच्या दारूवर, म्हणजे सायडरवर, मोठ्या पिंपामागे ४ शिलिंग कर बसवला. डेव्हन, हेरफर्डशर या भागांत शेतकरी घरोघर सायडर गाळत आणि मजुरांच्या मजुरीचा काही भागही सायडरमध्येच देत. आता कर वसूल करायला अबकारी शिपाई सरळ घरात शिरणार, तळघर उघडून बघणार. गावोगाव दंगे झाले, ब्यूटचे पुतळे जाळले. १७६३च्या एप्रिलमध्ये ब्यूट पंतप्रधानपदावरून गेला, त्याच्याबरोबर डॅशवुडचं मंत्रिपदही गेलं. वर त्याला काय मिळालं माहीत आहे? ल डिस्पेन्सर ही इंग्लंडातल्या अतिशय जुन्या घराण्याची सरदारकी. कर पुढे १७६६ साली रद्द झाला.

त्याच एप्रिलात विल्क्सनं आपल्या साप्ताहिकाच्या ४५व्या अंकात राजाच्या भाषणावर सडकून टीका केली. सरकारनं कुणाचंही नाव न घालता वॉरंट काढलं, सापडेल त्याला धरा म्हणून, आणि जवळजवळ पन्नास माणसं उचलली. विल्क्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत. पण खासदार म्हणून त्याला अटक करता येत नाही असं न्यायाधीशानं सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो बाहेर. लोकांनी डोक्यावर घेतला. मग सरकारनं दुसरी वाट शोधली, आणि इथे आत्या, तुझ्या रहस्यकथांना मागे टाकेल असा डाव झाला.

विल्क्सनं घरच्या छापखान्यात मित्रांपुरती बारा-तेरा प्रतींची एक अश्लील कविता छापायला घेतली होती. एका थोर कवीच्या गंभीर काव्याचं विडंबन. मूळ बरंचसं त्याच्या मित्राचं, थॉमस पॉटरचं. हा पॉटर कुणाचा मुलगा? कँटरबरीच्या आर्चबिशपचा! कविता ज्या फॅनीला उद्देशून ती लंडनमधली नावाजलेली गणिका, आणि ती एके काळी सँडविचकडे होती असं बोललं जाई. शिवाय कवितेच्या तळटीपा एका हयात बिशपच्या नावानं घातलेल्या, ज्याच्या बायकोशी पॉटरचं सूत होतं अशी वदंता. घे! सरकारनं छापखान्यातल्या माणसाला फितवून ती पानं मिळवली.

१५ नोव्हेंबर १७६३. उमरावांचं सभागृह भरलेलं. सँडविच आता मंत्री झालेला. तो उठला आणि ती कविता मोठ्यानं वाचायला लागला, चेहऱ्यावर धर्म बुडाल्याचं दुःख. एक उमराव म्हणाला, पुरे करा, ऐकवत नाही. बाकीचे ओरडले, 'वाचा, वाचा!' बिशपमहाशय तर संतापानं म्हणाले की नरकातले सैतानही विल्क्सच्या पंगतीला बसायचे नाहीत. आणि डॅशवुड, जो आता लॉर्ड ल डिस्पेन्सर म्हणून त्याच सभागृहात होता, तो शेजाऱ्याला म्हणाला म्हणे, 'सैतानाला प्रवचन करताना आज पहिल्यांदाच ऐकतोय.' त्यांच्या त्या सगळ्या सोंगाढोंगाच्या काळातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हे, आणि ते निघालं तेही भर सभागृहात, दिवसाउजेडी.

दुसऱ्याच दिवशी एका खासदाराशी पिस्तुलाच्या द्वंद्वात विल्क्सच्या पोटाला गोळी लागली. बरा होताच तो पॅरिसला पळाला. जानेवारी १७६४मध्ये त्याला पार्लमेंटातून काढलं, पुढे फरारी म्हणून जाहीर केलं. पण लोकांनी सँडविचला सोडलं नाही. तेव्हा कॉव्हेंट गार्डनमध्ये 'बेगर्स ऑपेरा' चालू होता. ज्याच्यावरून पुढे ब्रेख्तनं नाटक केलं आणि ज्याच्यावरून पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला, तेच हे मूळ नाटक. त्यात नायक म्हणतो, जेमी ट्विचरनं माझी चुगली करावी याचं मात्र मला नवल वाटतं. हे वाक्य आलं आणि सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. त्या दिवसापासून सँडविच मरेपर्यंत जेमी ट्विचरच राहिला. एवढ्यावर भागलं म्हणायचं, कारण आरमारमंत्रिपद त्याला पुढे मिळालंच आणि कॅप्टन कुकनं हवाई बेटांना त्याचं नावही दिलं.

विल्क्स १७६८ला परत आला. तुरुंगात गेला, मिडलसेक्समधून पुन्हा पुन्हा निवडून आला, पार्लमेंटानं पुन्हा पुन्हा काढला. तुरुंगाबाहेर जमलेल्या गर्दीवर शिपायांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. घरांच्या दारांवर खडूनं ४५ हा आकडा लिहायची साथच आली. बिननावाची वॉरंटं न्यायालयांनी बेकायदा ठरवली. पार्लमेंटातली भाषणं वर्तमानपत्रात छापायची मोकळीक १७७१ला मिळाली तीही त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी लढून मिळवली. १७७४ला हा लंडनचा लॉर्ड मेयर! मेडनमच्या सगळ्या बुवांत सरदार नसलेले जे होते त्यांतला हा एक, आणि पुढच्या लोकांच्या उपयोगी पडेल असं काही मागे ठेवलं ते यानं. तो सज्जन नव्हता, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू त्याची आरतीच करशील.

आता आपल्याकडचा धागा. मेडनमच्या मंडळीत व्हॅन्सिटार्ट बंधूंची नावं घेतात. त्यांतला हेन्री व्हॅन्सिटार्ट १७६० साली कलकत्त्याला कंपनीचा गव्हर्नर झाला. ते माकड त्यानंच हिंदुस्थानातून पाठवलं असंही जोडून देतात. माकडाचं जाऊ दे. या गृहस्थानं गव्हर्नर झाल्या झाल्या मीर जाफरला बंगालच्या गादीवरून उतरवलं, त्याच्या जावयाला, मीर कासिमला बसवलं, बदल्यात कंपनीला बरद्वान, मिदनापूर आणि चितगाव हे तीन जिल्हे मिळाले आणि स्वतः व्हॅन्सिटार्टला ५ लाख रुपये. हा आकडा नंतर पार्लमेंटाच्या चौकशीत आला. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिहारमध्ये कंपनीच्या फौजेनं शाह आलमचा पराभव केला, तेव्हा कलकत्त्याच्या खुर्चीत हाच. बुवांच्या झग्यात त्यानं दारूचे किती प्याले रिचवले याची चर्चा अजून होते. पाच लाखांची मला तरी त्या गुहेतल्या पाट्यांवर दिसली नाही. १७६९ला कंपनीनं त्याला पुन्हा हिंदुस्थानात धाडला, पण आफ्रिकेच्या टोकाच्या केपवरून निघालेलं त्याचं जहाज कुणाला परत दिसलं नाही.

आयर्लंडमधला क्लब मात्र वेगळा, तिथे हसायला होत नाही. डब्लिनजवळ माँपेलिए टेकडीवर शिकारीसाठी बांधलेलं एक दगडी घर आहे, तिथे १७३५च्या पुढे अर्ल ऑफ रॉसची टोळी जमायची. काळ्या मांजराच्या, पत्त्यांच्या डावात आलेल्या खुरवाल्या पाहुण्याच्या गोष्टी तू व्हिडिओत ऐकल्या असशीलच, त्या मी पुन्हा सांगत नाही. या टोळीतला समजला जाणारा लॉर्ड सँट्री, वय तिशीच्या आतलं. ऑगस्ट १७३८मध्ये पामर्सटाउनच्या एका गुत्त्यात तो पिऊन तर्र झाला, सोबत्याशी भांडला, तलवार उपसून भटारखान्याकडे निघाला. वाटेत लॉक्लिन मर्फी नावाचा हमाल समोर आला. सँट्री म्हणाला, तोंड उघडेल त्याला मारीन. मर्फी काहीतरी बोलला. तलवार आरपार. बिचारा सहा-सात आठवडे कण्हत पडला आणि गेला. सँट्रीवर एप्रिल १७३९मध्ये तिथल्या उमरावांच्याच सभागृहात खटला चालला आणि एकमतानं फाशीची शिक्षा झाली. मग माफी! सांगतात असं की त्याच्या मामाच्या जमिनीतून डब्लिनला पाणी जायचं आणि मामानं धमकी दिली, भाच्याला फाशी द्याल तर शहराचं पाणी तोडीन. पाण्याचं खरं असो नसो, माफी खरी. सँट्री इंग्लंडात जाऊन राहिला आणि १७५१ला अंथरुणावर मेला. त्या टेकडीवर लोक अजून रात्री सैतान बघायला जातात.

स्कॉटलंडमध्येही एक मंडळी होती, १७३२ला निघाली आणि शंभर वर्षं टिकली. तिच्या विधींबद्दल मी कागदावर लिहीत नाही. तू इथे आलीस की सांगेन, काका झोपल्यावर.

डॅशवुडचं उत्तरायुष्य बघशील तर तुला तो आवडेल. १७६६पासून मरेपर्यंत तो देशाच्या टपालखात्याच्या दोन प्रमुखांपैकी एक होता, आणि काम नीट केलं म्हणतात. अमेरिकेतल्या वसाहतींचं टपाल पाहणारा बेंजामिन फ्रँकलिन त्याचा दोस्त. वेस्ट विकमला येऊन राहायचा. दोघांनी मिळून १७७३ला काय केलं असेल? चर्चच्या प्रार्थनापुस्तकाची कात्रीनं छाटलेली छोटी आवृत्ती काढली, म्हाताऱ्यांना थंड चर्चमध्ये फार वेळ बसावं लागू नये म्हणून. १७५७मध्ये ॲडमिरल बिंगला सरकार आपलं अपयश झाकायला गोळ्या घालायला निघालं, तेव्हाही त्याच्या बाजूनं कॉमन्समध्ये बोलणाऱ्यांत हा होता. टेकडीवरचं चर्च त्यानंच नव्यानं बांधलं. मनोऱ्याच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी गोळा बसवला, त्यात सहा-आठ माणसं बसून पीत. विल्क्स त्याला जगातला उत्तम गोल गुत्ता म्हणायचा.

चर्चच्या खालच्या अंगाला एक षटकोनी, बिनछपराची समाधी आहे, १७६५ची. चिटणीस व्हाइटहेड १७७४ला वारला तेव्हा त्यानं मृत्युपत्रात आपलं काळीज ल डिस्पेन्सरला दिलं, बरोबर कलशासाठी ५० पौंड. पुढच्या वर्षी सैनिकांच्या मिरवणुकीनं, बाजे वाजवत, ते काळीज वर नेऊन समाधीत ठेवलं. कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला कलशातून काढून दाखवायचे, आणि शेवटी कुणीतरी ते लांबवलं. एका सैनिकानं खिशात घातलं अशी इथे बोलवा आहे. कागद जाळून सगळी गुपितं राखणाऱ्या माणसाचं काळीजच चोरीला गेलं!

गुहा बंद पडल्या होत्या, त्या १९५१च्या सुमाराला त्याच घराण्यातल्या वंशजानं तिकीट लावून उघडल्या आणि त्या पैशांतून वाड्याची दुरुस्ती केली. तेव्हा तू मे महिन्यात आलीस की आपणही त्यात भर घालू. टेकडीवर चर्चपर्यंत गाडी जाते, तुझ्या गुडघ्याची काळजी नको. गुहेत मात्र ओलं असतं, चप्पल चालणार नाही, बूट आण. व्हिसाच्या कागदांत बँकेचं सहा महिन्यांचं पत्रक लागतं, ते काकांना आत्ताच सांगून ठेव, आयत्या वेळी त्यांची आणि बँकेची जुंपेल. वहिनीचा फॉर्म मी भरला आहे, सही तेवढी हवी.

काकांना नमस्कार, छोट्याला गोड पापा. उत्तर पाठव, फोनवर भागवू नकोस.

तुझी,
सुमू

ता. क. – तो व्हिडिओ करणारा गुहेतलं म्हणून जे देऊळ दाखवत होता ते वाड्याच्या बागेतलं व्हीनसचं देऊळ आहे. तिथे तर भरदुपारी लोक पोरंबाळं घेऊन डबे खात बसलेले असतात.